चाल कुणाची

“नाव काय सांगशील?”

“मालती दत्तात्रय उरुणकर.”

“घाई नगं. एकेक सुट्टं म्हण.”

“मालती. दत्तात्रय. उरुणकर.”

“हां. आता सलग. आन् मान वर करून बोल, न्हाईतर तिथं जाऊन पायाच्या अंगठ्याकडं बघत ऱ्हाशील.”

मी मान वर करून सलग म्हटलं. अनुआत्याने दोरा दाताने तोडला, पुढच्या काजाला हात घातला आणि म्हणाली, “परत.”

पलूसच्या पेठेत आमचं शिलाईचं दुकान होतं. पुढे आप्पांचं मशीन आणि मागच्या खोलीत काज-बटणाला बसलेली आत्या, म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. हात शर्टावर आणि तोंडाने सतत काहीतरी गुणगुणणं, असा तिचा दिवस जायचा. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, पाचवीत. दोन दिवसांनी मला जिल्ह्याच्या गावी रेडिओवर कविता म्हणायला जायचं होतं, आणि आत्याने सकाळपासून माझ्याकडून हे नाव निदान पन्नास वेळा वदवून घेतलं होतं. कविता एकदाही नाही! कवितेची तिला काळजी नव्हती, काळजी होती ती नावाची.

आता ही मालती दत्तात्रय उरुणकर कोण? तर आत्याच. माहेरी ती अनसूया. कऱ्हाडला लग्न होऊन गेली, नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव काढलं, आणि अनसूयेची मालती झाली. आठ वर्षं ती मालती होती. मग त्या दत्तात्रयाने घरात दुसरी बाई आणली आणि एका सकाळी आमच्या आत्याला एका पिशवीसकट एसटीत बसवून दिलं. चार वर्षांचा दिगू मात्र ठेवून घेतला. आमच्या वंशाचा आहे, म्हणे! आप्पा दोनदा जाऊन भांडून आले, तिसऱ्यांदा त्यांना कुणी दारातही उभं केलं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात ती पुन्हा अनसूया झाली आणि उरुणकर हा शब्द उच्चारायचीच बंदी झाली. याला पाच वर्षं होऊन गेली होती. पाच वर्षांत तिने पोराचं तोंड पाहिलं नव्हतं.

कविता आमच्या पुस्तकात होती. आता मला काल कुठे चष्मा ठेवला ते आठवत नाही, पण ती कविता झोपेतून उठवून विचारा:

पाट मांडिते आई पाच,
जेवायाला आम्ही चार;
पाचवा कुणाचा? पुसता हसते,
उघडे ठेवते दार.

अशी सहा कडवी. परगावी गेलेल्या थोरल्या मुलाचा पाट आई रोज मांडते, पोरं तिला रोज चिडवतात आणि शेवटच्या कडव्यात तो येतो.

आला दादा परगावाहून,
भरली पंगत सारी;
आई वाढिते, वाढता वाढता
बघते वारंवारी.

बस्स, एवढंच. आमच्या मोहिते बाईंनी ती वर्गात पाढ्यांच्या चालीवर शिकवली होती. बे एके बे आणि पाट मांडिते आई पाच, दोन्ही एकच. मी दुकानात बसून तशीच घोकत होते तेव्हा आत्या म्हणाली, “अगं बाई, कविता हाय का लाकडं फोडतीयास? वाच बरं हळू.”

मी हळू वाचली. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पहिलं कडवं झाल्यावर म्हणाली, “परत.” सगळी कविता संपेपर्यंत तिची सुई चालू होती, मग थांबली. दुपारच्याला बघते तर ती हातातलं काज शिवत तीच कविता गुणगुणत होती. पण चाल अशी, की मी पेटीतला खडू शोधायला वाकले होते, ती तशीच वाकलेली राहिले.

“आत्या, ही चाल कुठली?”

“कुठली म्हंजे? माझीच. आली मनाला.”

मी ती चाल उचलली, वर्गात म्हणून दाखवली. मोहिते बाईंनी पदर डोळ्याला लावला. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं, पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी रेडिओ केंद्राला पत्र टाकलं, आणि महिन्याभरात रविवारच्या मुलांच्या कार्यक्रमासाठी मला बोलावणं आलं. गावात तर काय, मी जाईन तिथे लोक मला ‘रेडिओवाली’ म्हणायला लागले. मला चढल्यासारखं झालं होतं, खोटं कशाला बोलू!

आणि तेव्हाच आत्याने मोहिते बाईंना विचारून घेतलं, की रेडिओवर गाणाऱ्याबरोबर चाल लावणाऱ्याचंही नाव सांगतात. खरंच सांगतात? खरंच सांगतात. झालं! दुसऱ्याच दिवशी तिने मला मागच्या खोलीत घेतलं, दार लोटलं आणि चोळीतून एक कोरं कार्ड काढलं.

“लिही. चिरंजीव दिगूस आईचे आशीर्वाद. मी खुशाल हाय. पुढल्या रविवारी सकाळी साडेनवाला रेडिओ ऐक. त्यात माझ्या चालीवर तुझी निमाताई कविता म्हणणार हाय. आदी माझं नाव सांगतील. तुझ्या आईचं नाव, मालती दत्तात्रय उरुणकर. समद्या महाराष्ट्राला ऐकू जाईल. ऐकशील न्हवं?”

“कार्ड त्याच्या घरी फाडून टाकतील, आत्या.”

“घरी कोण धाडतंय? साळेच्या पत्त्यावर. इयत्ता चौथी.” तिने सगळा विचार करून ठेवला होता. “निमे, त्याला सांगत्यात तुझी आई तुला टाकून गेली. नाव ऐकलं की त्याला कळंल, मी त्याचं नाव टाकलेलं न्हाई. माहेरचं नाव तिथं कुणाला ठावं? मालतीच आलं पायजे. बाकी काय बी चुकलं तरी चालंल.”

कार्डाची गोष्ट आप्पांना सांगायची नाही, अशी तिने मला गळ्याची शपथ घातली. मी ती घेतली. आपल्याला काहीतरी फार मोठं काम मिळालंय असं मला वाटत होतं.

जायच्या दिवशी सकाळी आप्पा मला आणि मोहिते बाईंना एसटी स्टँडवर सोडायला आले. मी आप्पांनी शिवलेला झालरीचा फ्रॉक घातला होता. गाडी लागली. बाई आत जाऊन जागा धरून बसल्या, आणि आप्पांनी मला खांबाच्या आडोशाला घेतलं.

“चाल कुणाची म्हणून इचारतील, बाई सांगत होत्या. काय सांगशील?”

“आत्याची.”

“ते झालं. नाव काय सांगशील? ऐक. अनसूया विठ्ठल माळवदे. आमच्या बाचं नाव लावायचं. त्या हरामखोराचं न्हाई. तिनं तुला काय बी शिकवलेलं असू दे.” आप्पांना कसा वास लागला होता कोण जाणे. “पाच वर्सं मी तिला सांभाळली. तिच्यापायी भावकीचं बोलणं खाल्लं. आन् रेडिओवर नाव त्याचं लागणार व्हय? माझ्या पोरीच्या तोंडातनं? तसं झालं तर निमे, मी जन्मात तुझ्याशी बोलणार न्हाई.”

आप्पा रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांचे डोळे भरून आले होते. मी मान हलवली. कंडक्टरने घंटी मारली.

दीड तासाच्या प्रवासात मी कवितेची एक ओळही मनात म्हटली नाही. मालती दत्तात्रय, अनसूया विठ्ठल, मालती दत्तात्रय, अनसूया विठ्ठल. खिडकीबाहेर उसाचे फड मागे जात होते. बाईंना सांगावं असं दोनदा वाटलं. पण सांगायचं तर कार्डाचं सांगावं लागणार, आणि शपथ मोडणार. बाई म्हणाल्या, “घाबरलीस का गं? घाबरू नको, मी आहे.” कशाला घाबरले होते ते त्यांना कुठे माहीत!

रेडिओ केंद्रात गार वाटत होतं आणि सगळे हळू बोलत होते. बाई आत पेटीवाल्याला सूर सांगायला गेल्या. मला बाहेरच्या टेबलाशी बसवलं. तिथे चष्मा लावलेल्या एक बाई कागद भरत होत्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. मला लिमलेटची गोळी दिली. माझं नाव लिहून घेतलं, शाळा लिहून घेतली, पुस्तक उघडून कवीचं नाव उतरवून घेतलं.

“आणि चाल कुणाची, बाळ? तुमच्या बाईंची?”

“नाही. आत्याची.”

“अरे वा! आत्या गाणं शिकलीय?”

“नाही. काज-बटण करते.”

त्या हसल्या. पेन कागदावर टेकवलं. “सांग, पूर्ण नाव सांग आत्याचं.”

मी तोंड उघडलं. आप्पांचे डोळे दिसले. तोंड मिटलं. पुन्हा उघडलं, तर आत्या दिसली. दोन्ही नावं मला पाठ होती, दोन्ही ओठांवर होती, आणि एक म्हटलं की दुसरं माणूस जन्माचं तुटणार होतं.

“माहीत नाही का गं? असू दे, होतं असं. आपण आत्याला नुसतं आत्याच म्हणतो.” बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. आत तबला लागत होता. “घरात म्हणतात तसली जुनी चाल असेल ना ही? मग पारंपरिक लिहू?”

पारंपरिक म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. पण ते मालतीही नव्हतं आणि अनसूयाही नव्हतं. मी मान हलवली.

इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! सुटले. कुणाचंच ऐकलं नाही म्हणजे कुणाचाच शब्द मोडला नाही, असा माझा अकरा वर्षांचा हिशेब. आत गेले आणि अशी गायले, की पेटीवाले काका म्हणाले, पुन्हा घ्यायला नको, एकदम ठीक आहे.

रविवारी आप्पांनी दुकान उघडलं आणि रेडिओचा आवाज रस्त्यापर्यंत मोठा केला. आई हात पुसत येऊन उभी राहिली. आत्या न्हाऊन, धुवट लुगडं नेसून मागच्या खोलीच्या दारात बसली होती. तिच्या हातात सुई नव्हती. मी तिला तशी रिकाम्या हाताने बसलेली कधी पाहिली नव्हती. माझ्याकडे बघून तिने डोळे मिचकावले. तिकडे आप्पाही माझ्याकडे बघून मिशीत हसत होते. दोघांनाही वाटत होतं, मी त्यांचंच ऐकलंय.

“यानंतर एक कविता,” रेडिओतली ताई म्हणाली. कवीचं नाव सांगितलं. “सादर करीत आहे कुमारी निर्मला माळवदे, पलूस. चाल पारंपरिक.”

आणि माझा आवाज सुरू झाला.

आईने तोंडाला पदर लावला. बाहेर सायकल थांबवून दोघेतिघे ऐकत उभे राहिले. आत्या हलली नाही. कविता संपली, आता सांगतील, आता सांगतील, अशी ती रेडिओकडे बघत राहिली. मग कुणा दुसऱ्या मुलाची गोष्ट सुरू झाली.

“नाव?” ती म्हणाली.

“पारंपरिक म्हणाले की आदी,” आप्पा म्हणाले. तेही गोंधळलेले.

“म्हंजे?”

“म्हंजे जुनी. म्हंजे... कुणाचीच न्हाई.” आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. “तू सांगितलं न्हाईस व्हय गं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. “सांगितलं होतं,” मी म्हणाले. “त्यांनीच तसं लिहिलं.”

कुणीही विचारलं नाही, की कोणतं नाव सांगितलं होतंस. आप्पांना विचारायचं नव्हतं आणि आत्याला आप्पांसमोर विचारता येत नव्हतं. “कुणाचीच न्हाई व्हय,” आत्या म्हणाली, उठली, आत गेली आणि टोपलीतला शर्ट घेऊन काज घालायला बसली.

त्या आठवड्यात तिने माझ्याकडून दुसरं कार्ड लिहून घेतलं. “लिही. रेडिओवाल्यांची गडबड झाली. चाल माझीच हाय. निमाताईनं माझं नाव सांगितलं हुतं.” मी लिहिलं. ‘निमाताईने नाव सांगितले होते’ हे वाक्य मी माझ्या हाताने, सुंदर अक्षरात लिहिलं. कार्ड पेटीत टाकताना एकदा वाटलं, खाली बारीक लिहावं, ‘नाही, मी सांगितलं नव्हतं.’ नाही लिहिलं.

दिवाळीपर्यंत ती पोस्टमनच्या वेळेला दुकानाच्या फळीवर येऊन उभी राहायची. उत्तर आलं नाही. मग यायची बंद झाली. ती मला एका शब्दाने बोलली नाही, उलट म्हणायची, “पोर काय करणार, मोठी मानसं ती.” पण ती कविता मात्र तिने पुन्हा कधी गुणगुणली नाही. दुसरी गाणी म्हणायची, ती नाही.

मी शिकले, मास्तरीण झाले. पुस्तकं बदलली, ती कविता पुस्तकातून गेली, तरी मी दर वर्षी वर्गाला शिकवत राहिले. मुलांना आधी सांगायची, ही चाल माझ्या आत्याची आहे बरं का, आणि फळ्यावर तिची दोन्ही नावं लिहायची. दर वर्षी चाळीस पोरांना सांगितलं. ज्यांना सांगायचं त्यांना सोडून! आत्या एक्कावन्नाव्या वर्षी काविळीने गेली. शेवटचे आठ दिवस मीच उशाशी होते. सांगावं असं रोज वाटायचं. जाणाऱ्या जिवाला कशाला त्रास, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्रासबीस काही नाही, मी भ्याले. ती शेवटच्या क्षणी माझ्याकडे कशी बघेल, याला भ्याले. कऱ्हाडला तार केली होती. कुणी आलं नाही.

आणि गेल्या वर्षी, उन्हाळ्यात, एक टक्कल पडलेला उंच माणूस माझं घर शोधत आला. “निमाताई ना? मी दिगंबर. उरुणकर.” नाक आणि हनुवटी सरळ आत्याची. मी दाराला धरूनच उभी राहिले.

मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला होता. पाणी प्यायला, मग जरा अवघडून म्हणाला, “आईचा एखादा फोटो असेल का? आमच्याकडे एकही नाही. मुलगी विचारत होती.”

माझ्या लग्नातला एक फोटो होता. कडेला आत्या उभी, अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड. त्याने तो हातात धरला आणि बराच वेळ बघत राहिला. मीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “कधी आला नाहीस रे भेटायला. तार पण केली होती.”

“राग होता,” तो म्हणाला. “लहानपणचा राग होता, वाढतच गेला. तू एकदा रेडिओवर कविता म्हटली होतीस. आठवतंय?”

“आठवतंय.”

“मला तिचं कार्ड आलं होतं शाळेत. तिचं नाव रेडिओवर येणार म्हणून. मी अख्ख्या आळीला सांगितलं, माझ्या आईचं नाव रेडिओवर येणार. शेजाऱ्यांच्या घरी रेडिओ होता, सगळे जमलो. आजीसुद्धा आली. नाव आलंच नाही. पोरं हसली. आजी म्हणाली, बघ, ही असली तुझी आई, पोराशीसुद्धा खोटं बोलते. नंतर तिचं अजून एक कार्ड आलं, ते मी न वाचताच बंबात घातलं.” त्याने फोटो टेबलावर ठेवला. “पण एक सांगू का तुला? तू म्हणायला लागलीस ना, तेव्हा ती चाल मी ओळखली होती. ती मला त्याच चालीवर झोपवायची. शब्द नव्हते, नुसतं हं हं करायची. पहिल्या ओळीलाच माझ्या अंगावर काटा आला. मी ओरडणार होतो, ही माझ्या आईची! पण त्यांनी आधीच पारंपरिक म्हणून सांगितलं होतं. शाळेत गुरुजींना विचारलं, पारंपरिक म्हणजे काय. ते म्हणाले, सगळ्यांची. मग म्हटलं, सगळ्यांच्याच आया म्हणत असतील. माझीच कशावरून?”

शेहेचाळीस वर्षं मी जे गिळत आले होते, ते आता गिळता येईना.

“दिगू,” मी म्हणाले, “चाल तिचीच होती. नाव मी सांगितलं नाही. त्या बाईंनी मला विचारलं होतं, मालती दत्तात्रय उरुणकर मला पाठ होतं, आणि मी सांगितलं नाही. आप्पांना भ्याले. पारंपरिक लिहू का म्हणाल्या, तर मान हलवली. आणि घरी येऊन खोटं बोलले. तिला शेवटपर्यंत कळलं नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे. आधी ऐकलेलं सगळं तो पुन्हा पहिल्यापासून लावून बघत असावा.

“तू केवढी होतीस तेव्हा?”

“अकरा वर्षांची,” मी म्हणाले, आणि माझी मलाच लाज वाटली, कारण या उत्तरात मी माफी मागत होते.

त्याने मान हलवली. फोटो उचलून शर्टाच्या खिशात नीट ठेवला.

“मी नऊ वर्षांचा होतो,” तो म्हणाला.